उजव्या बाजूची लाट

तळ्यावर त्याला सगळे वजनदार म्हणायचे. अंगाने काडी. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवरून लोंबायचा. पण बोटीत कुठे किती वजन ठेवायचं हे तो ठरवायचा, म्हणून ते नाव पडलं आणि तळ्यावरून हळूहळू घरापर्यंत पोचलं. माझ्या बायकोचा तो धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा. त्याच्याबद्दल लिहायला माझ्याहून चांगला माणूस मिळाला असता. मी शाळेच्या कचेरीत कारकुनी केली, स्वतःचं असं काही कधी लिहिलं नाही. पण निवृत्त झाल्यावर त्याच्या बोटीत मागे तोंड करून मी बसायचो. त्यामुळे बोटीच्या मागे जे घडलं ते मला इतरांपेक्षा जरा जास्त दिसलं, एवढाच माझा अधिकार.

काम काय होतं ते आधी सांगतो, कारण तळ्याकाठी राहणाऱ्या पुष्कळांनाही ते माहीत नाही. बोटीच्या मागे जी लाट उठते तिच्यावर एका फळीवर उभं राहून जायचं. सुरुवातीला हातात दोर असतो, आणि बोट माणसाला ओढून उभं करते. मग लाटेच्या पोटात नेमकी जागा सापडली की दोर आपोआप सैल पडतो. तेव्हा तो सोडून द्यायचा. बोट पुढे, माणूस मागे, मध्ये काही नाही, तरी माणूस चाललेला. वेकसर्फिंग म्हणतात त्याला. वजनदार मात्र 'लाटेवर बसवणं' म्हणायचा, जशी काही ती घोडी होती.

त्याला साधी बोट चालत नाही. ज्या बोटीचा पंखा मागे बाहेर लटकतो तिच्या इतक्या जवळ माणसाला सोडणं म्हणजे त्याच्या पायांशी वैर धरणं. वजनदार ज्यांच्याकडे कामाला होता त्या मालकांच्या बोटीचा पंखा पोटाखाली होता. मागच्या बाकांखाली, डावीकडे आणि उजवीकडे, एकेक जाड रबरी पिशवी. पंप लावला की तळ्याचंच पाणी तिच्यात भरतं. ज्या बाजूची पिशवी भरावी त्या बाजूला बोट कलते, आणि त्याच बाजूला लाट उंच, स्वच्छ उठते. दुसऱ्या बाजूला नुसता फेस. वजन जास्त झालं की लाट जाडजूड आणि ढिम्म होते, कमी झालं की पातळ होते, कुणाला धरत नाही. वेग म्हणाल तर जोरात हाणलेल्या सायकलीएवढा. वजनदार पंप बंद करायचा तो कानाने. पिशवी भरत आली की पंपाचा सूर जड होतो म्हणे. मला तो कधी कळला नाही. मग शेवटची कसर माणसांना हलवून काढायची.

"भाऊजी, जरा डावीकडे सरका," तो मला म्हणायचा. "नाश्ता झालाय ना? मग अर्धंच सरका."

डावी लाट की उजवी, हे ज्याच्या त्याच्या पायांवर ठरतं. डावा पाय पुढे टाकून उभा राहणारा माणूस डाव्या बाजूला गेला की लाट त्याच्या समोर येते. उजवा पाय पुढे टाकणाऱ्याला उजवी बाजू हवी. उलट केलं तर लाट पाठीशी येते, आणि न दिसणाऱ्या लाटेवर नवशिक्या टिकत नाही. बहुतेक माणसं डाव्या पायाची असतात. पण आपण कुठल्या पायाचे हे कुणालाच ठाऊक नसतं. विचारलं की लोक लिहायचा हात कोणता ते सांगतात. म्हणून वजनदार विचारायचाच नाही. नवीन माणसाला जेट्टीवर उभं करायचा, समोरच्या टेकडीबद्दल किंवा आभाळाबद्दल काहीतरी बोलत मागे जायचा, आणि पाठीत हलकेच ढकलायचा. जो पाय तोल सावरायला आधी पुढे पडेल तो पुढचा पाय. त्याप्रमाणे पिशवी भरायची.

एका धिप्पाड दुकानदाराने तर वळून त्यालाच ढकललं. वजनदार कपड्यांसकट पाण्यात. वर येता येता नाकातलं पाणी शिंकरत तो म्हणाला, "डावा. तुमचा डावा आहे, साहेब."

दुसऱ्या एका बाईंनी विचारलं होतं, "ह्यांना मी ढकलू का?"

"ढकला," तो म्हणाला, "पण एकदाच. जुने हिशेब घरी."

शिकवताना त्याची जीभ अशीच चालायची. "पाठीवर पडा. टाचा फळीवर. गुडघे पोटाशी. आता काही करू नका, बोटीला तिचं काम करू द्या. दोर ओढू नका हो, पलीकडे म्हैस नाही! उठायची घाई नको. पुढच्या पायावर भार दिलात की पुढे याल, मागच्यावर दिलात की मागे राहाल. आणि दोर सैल पडला की सोडा. जपून ठेवायला तो काय दागिना आहे?" कुणी पडलं की मी "पडला!" म्हणून ओरडायचो आणि तो वेग कमी करून सावकाश बोट वळवायचा. परक्या माणसाने कितीही वेळा पाण्यात डोकं घातलं तरी वजनदारचा आवाज चढला असं मी पाहिलं नाही.

आता मुलीचं सांगतो. तिला आम्ही चिंगी म्हणतो, अजूनही.

चिंगी म्हणजे बापाचा साचा. तेच नाक, तेच बाहेर आलेले कान, विचार करताना मान खाजवायची तीच सवय. वहिनी, म्हणजे वजनदारची बायको, म्हणायची, "माझ्याकडे नुसतं पार्सल ठेवायला दिलं होतं, माल सगळा ह्यांचाच." वजनदारला हे ऐकायला फार आवडायचं. लहानपणापासून पोरगी जेट्टीवर. कॉलेजात जायच्या वयात आली तेव्हा तिने बापाला सांगून टाकलं की मला दुसरी नोकरी नको, तुम्ही बोट चालवा, मी पाण्यात उतरून लोकांना शिकवते. बापाची छाती फुगली. मालकही तयार होते. "पोरगी लाटेवर उभी राहू दे, दोर सोडू दे," ते म्हणाले, "दुसऱ्या दिवसापासून कामावर."

त्या उन्हाळ्यात रोज शेवटचं गिऱ्हाईक गेलं की वजनदार तिला घेऊन बाहेर पडायचा. मागे बघायला वहिनी. मी तेव्हा नोकरीत होतो. कधी संध्याकाळी काठावर येऊन बसलो तर मला लांबून फक्त पाणी उडालेलं दिसायचं. आत काय चाललंय ते पुढे वहिनीनेच सांगितलं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "डावा पाय पुढे," आणि डावी पिशवी भरली. त्याचा स्वतःचा पाय डावा होता. चिंगी उठायची, पण उठता उठता तिचे पाय आपले आपण फिरायचे, लाट पाठीशी यायची आणि धप्प. बोटीतून हाक जायची, "पाय! पाय बदल! डावा पुढे!" ती बदलायची, आणि तशीही पडायची.

लोकांशी इतका गोड बोलणारा माणूस तिच्याशी मात्र चिडचिड करायचा. "एवढं साधं कसं कळत नाही तुला? माझी मुलगी ना तू?"

"तुमचीच आहे, म्हणून तर पाण्यात आहे!" ती पाण्यातून ओरडायची. सुरुवातीला हसून. नंतर नंतर तिने उत्तर द्यायचं सोडलं.

उन्हाळा सरत आला तेव्हा एकदा फळी उसळून तिच्या हनुवटीवर बसली. रक्त आलं. जेट्टीवर आणून तिला बसवलं, मालक आले, चार लोक जमले. वजनदारने तिची हनुवटी पुसली आणि म्हणाला, "राहू दे आता, चिंगे. पाणी तुला घेत नाही."

तो रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं वहिनी म्हणते. रागाचं बोलणं रागाबरोबर जातं. तो कळवळून म्हणाला, डॉक्टरने आजार सांगावा तसा. आणि तळ्यावर पाण्याबद्दल त्याचा शब्द शेवटचा. चिंगीने तरंगायचं जॅकेट काढलं, खिळ्याला अडकवलं आणि ती घरी गेली. पुन्हा बोटीत बसली नाही.

पुढे ती दुसऱ्या शहरात गेली, विमा कंपनीत लागली, लग्न झालं, सगळं नीट झालं. पण एक गोष्ट मला दिसायची. जिने उतरताना ती कठडा धरायची. सायकल तिने देऊन टाकली. नवरा गाडी शिकवतो म्हणाला तर "नको रे बाबा, मी मुळातच पडकी आहे" म्हणून तिने हसण्यावारी नेलं. कुणी काही म्हणायच्या आत ती स्वतःच म्हणायची, "मला तोल नाही." इतक्या सहज म्हणायची की आम्हालाही ते तिच्या उंचीसारखं, रंगासारखं काहीतरी वाटायला लागलं होतं.

वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा चिंगी रजा काढून घर सांभाळायला आली. एका सकाळी मी भेटायला गेलो होतो. वजनदार आणि मी मागच्या दारात खुर्च्या टाकून बसलो होतो. चिंगीने मधली लांब बोळ धुवायला काढली होती, फरशीवर साबणाचं पाणी तसंच होतं. स्वयंपाकघरातून ती चहाचा ट्रे घेऊन निघाली, साबणावर पाय पडला, आणि ती घसरली.

घसरली म्हणजे पडली नाही. गुडघे जरासे वाकले, खांदे सैल झाले आणि ती बोळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ वाहत आली, आमच्या खुर्च्यांपर्यंत. कपातला चहा बशीतसुद्धा सांडला नाही. "अगं बाई," ती म्हणाली, "वाचले."

मी टाळी वाजवणार होतो. पण वजनदारकडे बघितलं. तो तिच्या पायांकडे बघत होता. उजवा पाय पुढे होता.

"ट्रे ठेव," तो म्हणाला. "आणि तिकडे तोंड करून उभी राहा."

"पुसते हो फरशी. ओरडू नका."

"उभी राहा गं."

ती उभी राहिली. त्याने मागून हलकेच ढकललं. उजवा पाय पुढे पडला.

"अहो बाबा! आतोबा, बघा ना, ह्यांना काय झालंय!"

"परत," तो म्हणाला, आणि परत ढकललं. पुन्हा उजवा.

आता तिचं हसू थांबलं. ती जेट्टीवर वाढलेली पोर. तसा ढकललेला माणूस तिने लहानपणापासून बघितलेला. तिने मान खाली घालून आपल्याच पायाकडे पाहिलं, एखादी हरवलेली वस्तू फार दिवसांनी भलत्याच ठिकाणी सापडावी तशी.

आतल्या खोलीतून वहिनीची हाक आली, "काय पडलं हो?"

"काही नाही," वजनदार म्हणाला.

चिंगी म्हणाली, "म्हणजे तेव्हा मी पडत नव्हते?"

"पडत होतीस," तो म्हणाला. "मी पाडत होतो."

न प्यायलेल्या चहाचे कप तिने उचलले आणि आत नेले. आत नळ बराच वेळ चालू होता. वजनदार खुर्चीत बसला आणि आपले दोन्ही तळहात उलटेपालटे करून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने लवकर जाऊन उजवी पिशवी भरून ठेवली आणि मला सांगितलं, तिला घेऊन या. ती आली. जेट्टीच्या कठड्याशी थांबली. तो जॅकेट हातात घेऊन उभा होता, आणि मला वाटतं काय बोलायचं ते त्याने पाठ करून ठेवलं होतं, पण त्यातला एकही शब्द त्याला आठवला नाही. नुसतं जॅकेट पुढे केलं.

"नको, बाबा," ती म्हणाली.

"एकदा."

"नाही जमलं तर मला काही वाटणार नाही. त्याची सवय आहे." मग ती थांबली. "पण जमलं तर फार वाईट वाटेल हो."

त्याने जॅकेट बाकावर ठेवलं आणि बोट सुरू केली. मला म्हणाला, "बसा, भाऊजी." आम्ही दोघंच निघालो. मागे कुणी नाही, दोरही नाही. तरी मी सवयीने मागे तोंड करून बसलो. जेट्टीच्या समोरून त्याने बोट नेली, एकदा, आणि वळवून पुन्हा. उजव्या बाजूला लाट उठली होती, इस्त्री केल्यासारखी, कुठे सुरकुती नाही. तिच्यावर कुणी नव्हतं. चिंगी कठडा धरून ती बघत होती. आम्ही परत येईपर्यंत ती निघून गेली होती.

त्यानंतर वजनदारने उजवी पिशवी रिकामी ठेवणं सोडलं. दिवसभर गिऱ्हाइकांसाठी डावी भरायचा, उजवी उपसायचा, आणि शेवटचा माणूस गेला की पुन्हा उजवी भरून मगच बोट बांधायचा. बोट रात्रभर एका अंगावर कललेली. मालक वैतागले. "अहो, अंगावरून वारं गेल्यासारखी काय उभी करता तिला?"

"असू द्या. कुणी उजव्या पायाचं आलं तर."

"सकाळी आलं तर सकाळी भरा की!"

"असू द्या," एवढंच.

एकदा इंजिनाचं झाकण पुसता पुसता तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊजी, ज्यांची तोंडंही आठवत नाहीत अशा लोकांना मी ढकलून बघितलं. तिला नाही बघितलं. वाटलं, माझीच आहे. तिचं काय बघायचं, मला माहीत आहे." मी काहीतरी समजूत घालायला हवी होती. अशा वेळी मला कधीच सुचत नाही. मी दुसरं फडकं घेतलं आणि दुसऱ्या बाजूने पुसायला लागलो.

मग त्याचे डोळे गेले. पूर्ण नाही. मधला भाग गेला, कडेचं उरलं. समोरच्या माणसाचं तोंड दिसायचं नाही, पण बाजूने कुणी गेलं की कळायचं. डॉक्टरांनी सुकाणू बंद केलं. मालकांनी एक नवीन बाई ठेवली, पूर्वी पोहायला शिकवणारी, बडबडी आणि कामाला चोख. वजनदार तरी रोज यायचा. पिशव्या भरायचं काम तिने त्याच्याकडेच ठेवलं, कारण त्याला डोळे लागत नव्हते.

आणि मग चिंगीचा फोन आला. मी तिथेच होतो. ती म्हणाली, सुट्टीत येते, आणि बाबा, बोट कोण चालवतं हल्ली? त्याने सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांनाच सांगा. बघू या एकदा." फोन ठेवल्यावर तो आनंदला असेल असं कुणालाही वाटेल. तो म्हणाला, "आता म्हणतेय," आणि चष्मा काढून पुसला, ज्याचा काही उपयोग नव्हता.

ती आली. आता तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. जॅकेटचा पट्टा तिने दोनदा चुकीच्या खाचेत घातला ते मी पाहिलं, वजनदारला दिसलं नसणार. त्याने पंपाला कान लावला, बंद केला, पुन्हा थोडा चालू केला, बंद केला. मग माझ्या शेजारी येऊन बसला, मागे तोंड करून. ड्रायव्हर बाई म्हणाल्या, "काका, काळजी करू नका, मी अलगद ओढते."

"अलगद नको. एका दमात ओढा. अर्धवट ओढलं की माणूस घाबरतं," तो म्हणाला.

बोट निघाली. दोर ताणला.

"उठली का?" त्याने विचारलं.

"उठतेय."

"दोर खेचत नाहीये ना?"

"नाही. हात सरळ आहेत."

"आता?"

"उभी आहे."

तो जरा पुढे वाकला. मग अगदी हळू म्हणाला, "कुठला पाय?"

"उजवा," मी म्हणालो.

त्याने मान एका बाजूला वळवली, डोळ्याच्या कडेत तिला धरायला. एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. "फेस दिसतो," तो म्हणाला. "लाटही दिसते थोडी. ती दिसत नाही."

मी सांगत राहिलो. ती लाटेच्या पोटात आली. दोर सैल पडला, पाण्याला टेकला. तरी तिने तो धरून ठेवला होता आणि ती बोटीकडे बघत होती, त्याच्याकडे. तो भलतीकडे मान करून बसलेला.

"सोडत का नाही?" त्याने विचारलं, आणि मग मोठ्याने, जुन्या आवाजात ओरडला, "सोड, चिंगे!"

तिने दोर बाहेरच्या बाजूला टाकला. आणि ती येत राहिली, मोकळ्या हातांनी, गुडघे जरासे वाकवून, त्या दिवशी बोळीतून आली होती तशीच. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी बघत होतो, आणि बघता बघता सांगायचंच विसरलो. ती पडली तेव्हा ओरडायलाही विसरलो. बाईंनीच आरशात पाहून बोट वळवली.

इंजिन बंद करून आम्ही तिला वर घेतलं. ती उजवीकडच्या बाकावर बसली, निथळत. वजनदार चाचपडत टॉवेल शोधत होता. हाताला माझी शबनम पिशवी लागली, त्याने तीच पुढे केली. चिंगीने ती घेतली आणि त्या पिशवीनेच तोंड पुसलं.

"जमलं?" त्याने विचारलं.

"जमलं."

"वाईट वाटलं?"

"फार," ती म्हणाली. "फार वाटलं, बाबा."

त्याने मान हलवली. तो तिच्या शेजारी जाऊन बसला नाही, तिनेही त्याला बोलावलं नाही. बाई नेहमीच्या बडबड्या, पण त्यांनीही इंजिन सुरू करायची घाई केली नाही. एरवी अशा वेळी तो मला बोट सरळ करायला डावीकडे सरका म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला नाही. ती बसली होती त्या बाजूला बोट कललेली राहिली, आणि आम्ही तसेच बसून राहिलो.